मूळ कर्त्याचें नांव

एखादें गाणें आवडलें म्हणजे तें कोणी गायिलें हें आपण लगेच विचारतों. तें रचिलें कोणीं, हा प्रश्न मात्र क्वचितच आपल्या तोंडीं येतो. या विस्मृतीनें कर्त्यावर केवढा अन्याय होतो, हें अमेरिकेंतील 'दि नर्व्ह्ज' या लहानशा वादकसंचाच्या पहिल्या तबकडीवरून चांगलें कळतें.

जॅक ली, पीटर केस व पॉल कॉलिन्स हे तिघे तरुण सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला आले. लीच्या हातीं गिटार, केसच्या हातीं बेस गिटार व कॉलिन्सकडे ड्रम, एवढाच त्यांचा पसारा. गीतें मात्र तिघेहि रचीत. १९७६ सालीं त्यांनीं चार गाण्यांची एक तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. 'पॉवर पॉप' नामक शैलीचे सारे गुण तींत आहेत: मनांत ठसणारी चाल, गिटारीचा जोरकस ठेका, एकमेकांत मिसळणारे कंठ, आणि पाल्हाळाचा पूर्ण अभाव. तींतील लीचें 'हँगिंग ऑन द टेलिफोन' हें गाणें सुमारें दोन मिनिटांतच आटोपतें.

१९७८ सालीं हा संच मोडला. त्याच वर्षीं 'ब्लॉन्डी' या संचानें तें गाणें आपल्या 'पॅरलल लाइन्स' या संग्रहांत घेतलें, व ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत तें पांचव्या स्थानीं पोंचलें. यांत लबाडी कांहींच नव्हती. रचनाकार म्हणून लीचें नांव रीतसर दिलेलें होतें. परंतु तबकडीवरील बारीक अक्षरें वाचतो कोण? पुष्कळांनीं तें गाणें ब्लॉन्डीचेंच मानलें.

पुढें २००८ सालीं 'अलाइव्ह' या कंपनीनें मूळ चारहि गाणीं, त्या संचाच्या इतर ध्वनिमुद्रणांसह, 'वन वे तिकीट' या नांवानें पुन्हां प्रसिद्ध केलीं. अशीं पुनःप्रकाशनें म्हणजे जुन्या मालावर नवें वेष्टन, असें कोणी म्हणतील. कित्येकदां तें खरेंहि असतें. तथापि येथें श्रोत्यास मूळ गाणें व त्याचा प्रसिद्ध अवतार शेजारीं ठेवून ऐकतां येतात. ब्लॉन्डीचें गायन अधिक झळझळीत आहे खरें; पण चालीची बांधणी व अधीरता लीच्या मूळांतच आहे. ही वंशावळ लोकांपुढें आणणें, हेंच माझ्या मतें पुनःप्रकाशनाचें मुख्य कार्य होय. ली २०२३ सालीं निवर्तला; म्हणजे हें कार्य त्याच्या हयातींतच झालें, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्यास बत्तीस वर्षें लागावीं काय?

कर्त्याचें ऋण मान्य करण्यास आपणांस कोणत्याहि कंपनीची वाट पाहावी लागत नाहीं. स्नेहसंमेलनांत पद म्हणण्यापूर्वीं कवीचें व चाल लावणाऱ्याचें नांव सांगावें. निबंधांत दुसऱ्याचा विचार घेतला, तर तसें लिहावें. मुलानें घरीं नवें गाणें म्हटलें असतां पालकांनींहि, "छान! पण रचिलें कोणीं?" असें अवश्य विचारावें.