आमच्या ताटात महापालिका कशाला?
15 ऑगस्ट 2025ला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवा, असा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेनं काढला. आधार कसला, तर 1988चा ठराव! मी आदल्या दिवशीच साफ केलेली अख्खी कोंबडी आणून ठेवली. झेंडावंदन करून आलो आणि आईनं शिकवलं तशी घरीच तोडली. तंगड्या सांध्यातून वेगळ्या, छाती वेगळी, पाठीच्या हाडांचं अळणी पाणी, कलेजी पोरांना. तंगड्या निखाऱ्यावर, शेजारी मक्याची कणसं आणि सालासकट कांदे. वाया काही गेलं नाही. यात देशाचा अपमान कुठे झाला, सांगा ना!

माझं भागलं हो, घरात फ्रिज आहे. पण ज्या चिकनवाल्याचा ऐन सुट्टीचा धंदा बुडाला, त्यानं कसलं स्वातंत्र्य साजरं करायचं? नको असेल तर खाऊ नका. दुसऱ्याची चूल विझवू नका.