रॉकेल कुणी महाग केलं?

शेठ म्हणतो, अरबांनी तेल महाग केलं, मी काय करू? हे अर्धंच खरं. ऑक्टोबर 1973 च्या लढाईनंतर तेलवाल्या देशांनी पिंपाचा भाव 3 डॉलरवरून जानेवारीत 11 च्या वर नेला. पण रेशनच्या रॉकेलचा भाव सरकार ठरवतं. आमच्या कार्डावरचं रॉकेल मागल्या दाराने जातं, ते काय अरबस्तानात जातं? मग तीच बाटली शेठकडे उधारीवर, अन् वहीत अंगठा. आपली भातजमीन अशीच गेली ना! सरपण आणावं तर गार्ड मोळी अडवतो.

गड्यांनो, बायांनो, एकटंदुकटं दुकानात जायचं नाही. रॉकेल येईल त्या दिवशी सगळा पाडा कार्डं घेऊन जाऊ. भाव आणि साठा फळ्यावर लिहायला लावू, पावती घेऊ. नाही दिलं तर तहसीलदाराच्या दारात बसू. वहीत अंगठा मात्र कुणीच द्यायचा नाही.