कोटणीसांचे पहिले दिवस आणि आपली शिबिरे

परदेशातील एखाद्या खेड्यातल्या रुग्णालयात तीन-चार आठवडे स्वयंसेवक म्हणून राहून येण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थ्यांत बरीच रुळली आहे. आपल्याकडील काही सुस्थित घरांतील तरुणही आता त्या वाटेने जाऊ लागले आहेत. त्यांच्या सदिच्छेची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु ज्याला तिथली भाषा येत नाही, तिथले रोग ठाऊक नाहीत आणि ज्याचे परतीचे तिकीट आधीच काढलेले आहे, असा पाहुणा पहिल्या तीन आठवड्यांत सेवा कोणाची करतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारताना आपण कार्यकर्त्यांनीही स्वतःला वगळता कामा नये. पुढाऱ्याच्या वाढदिवशी मंडप घालून भरवलेले एक दिवसाचे मोफत आरोग्य शिबिर हे त्याच प्रथेचे देशी भावंड आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे आणि ते सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरने दिले आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनानी चु तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले, लोकांनी वर्गणी दिली आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने काम केलेले डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि अठ्ठाविशीही न गाठलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पाचजण मुंबईहून बोटीने निघाले. देणारा देशही पारतंत्र्यातच होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. श्रीमंताने गरिबाला घातलेली ही भीक नव्हती. एका जखडलेल्या देशाने दुसऱ्या पिचलेल्या देशाचा धरलेला तो हात होता.

पहिल्या दिवसांचे वास्तव मात्र चित्रपटात शोभेल असे नव्हते. कँटनला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी पथकाचे स्वागत केले. पुढे हँकौ, इचांग, चुंगकिंग असा मुक्कामामागून मुक्काम झाला. ऑक्टोबरमध्ये कँटन आणि हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. ज्यांच्यासाठी हे डॉक्टर आले होते, त्या एट्थ रूट आर्मीच्या येनानला पोहोचायला १९३९चा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे मुंबई सोडल्यापासून पाच महिन्यांहून अधिक काळ प्रवासात, प्रतीक्षेत आणि वाटेतल्या रुग्णालयांतील कामात गेला. त्या वाटेवरच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परतायला कोणी दोष दिला नसता. ते पुढे गेले.

येनानला डोंगरउतारांत कोरलेल्या गुहांतून रुग्णालय चाले. नाकेबंदीमुळे औषधांची आणि उपकरणांची चणचण होती. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला तिथे आपले अर्धे ज्ञान बाजूला ठेवावे लागले असेल आणि अर्धे नव्याने जुळवावे लागले असेल. कोटणिसांनी पहिल्यापासून नेट लावला तो भाषेवर. रुग्णाची तक्रार दुभाष्याच्या तोंडून ऐकणारा डॉक्टर निम्मा आंधळा असतो, हे त्यांनी ओळखले होते. १९३९च्या अखेरीस ते शत्रूच्या पिछाडीकडील वुताई पर्वताच्या सीमाप्रदेशाकडे वळले. तिथे रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरेच होती आणि शत्रू जवळ आला की तेही उचलून हलवावे लागे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून त्याच प्रदेशात शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाची धुरा १९४१ साली कोटणिसांकडे आली. तेथील वैद्यकीय शाळेत ते चिनी भाषेतून शिकवीत आणि चिनी भाषेतच शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

कोटणिसांच्या शौर्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तोही सर्वांना ठाऊक आहे. कार्यकर्त्याने घ्यावयाचा धडा त्या अपुऱ्या राहिलेल्या पाठ्यपुस्तकात आहे. ज्या डॉक्टरने आपल्यामागे शिकलेले विद्यार्थी ठेवले, त्याच्या मृत्यूने रुग्णालय बंद पडत नाही. सेवा खरी की दिखाऊ, हे सेवक निघून गेल्यावर मागे काय उरते यावरून ठरते.

येथे काही मित्र आक्षेप घेतील. कोटणीस अखेरीस चिनी कम्युनिस्ट पक्षात सामील झाले; तिबेट गिळणाऱ्या आणि १९६२ साली आपल्यावर चालून आलेल्या राजवटीच्या उगमाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आक्षेप क्षुल्लक नाही. तिबेटच्या प्रश्नावर डॉ. लोहियांनी दिलेला इशारा आपण विसरलेलो नाही आणि विसरूही नये. परंतु १९३८चे पथक एका पक्षाच्या राजवटीसाठी गेले नव्हते. ते आक्रमकाविरुद्ध लढणाऱ्या जनतेसाठी गेले होते. त्या काळी काँग्रेसमध्येच राहून काम करणाऱ्या समाजवाद्यांची भूमिकाही हीच होती. ज्या समाजवादी पक्षाची कल्पना १९३२-३३ साली आमच्या नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली, त्याच्या वारसदारांनी आंतरराष्ट्रीयतेचा अर्थ सरकारांच्या मैत्रीशी जोडू नये. सरकारे बदलतात, वाकडी जातात. जखमी शेतकऱ्याला बांधलेली पट्टी त्यामुळे खोटी ठरत नाही.

आता घराकडे वळू. कोटणिसांची कसोटी लावायची तर समुद्र ओलांडण्याची गरज नाही. नगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून तेच केले. गावातील निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्या स्त्रियांनी आपापली गावे सांभाळली. आमच्या ओझरचा दाखला तर पाण्याचा आहे. वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने टँकर पाठवून वाहवा मिळवली नाही. १९९०च्या सुमारास शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घेणे, वाटणे आणि पट्टी वसूल करणे ही कामे शेतकऱ्यांच्याच हाती आली. पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पाचा कारभार लाभधारकांच्या संघापर्यंत गेला.

पाण्यात जे जमले ते आरोग्यात का जमू नये? नाशिक जिल्ह्यातच पेठ आणि सुरगाणा हे आदिवासी तालुके आहेत. तिथे नेमणूक झालेला शहरी डॉक्टर रुग्णाची कोकणा बोली न कळल्याने पहिल्याच आठवड्यात परका ठरतो, आणि बदलीची वाट पाहू लागतो. सरकारी महाविद्यालयातून लोकांच्या पैशावर शिकलेल्या डॉक्टरला ग्रामीण सेवेऐवजी दहा लाख रुपये दंड भरून सुटण्याची वाट या राज्याने अनेक वर्षे मोकळी ठेवली होती. ज्याच्या घरी पैसा त्याला सेवेतून मुक्ती, हा न्याय कोणत्या समाजवादात बसतो? पण दोष डॉक्टरच्या एकट्याच्या माथी मारून चालणार नाही. औषध नसलेले, राहायला धड खोली नसलेले आणि कोणी विचारपूस न करणारे केंद्र चांगल्या माणसालाही खचवते.

म्हणून कार्यकर्त्यांनी शिबिरांचे मंडप आवरावेत आणि कायमच्या कामाला लागावे. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने रुग्ण कल्याण समित्या दिल्या, गावोगावी आरोग्य समित्या दिल्या. २००७पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. जनसुनवाईत साध्या बायाबापड्यांनी अधिकाऱ्यांना औषधांचा हिशेब विचारला. ही हत्यारे गंजू देणे हा आपलाच करंटेपणा ठरेल. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एक प्राथमिक आरोग्य केंद्र निवडावे. पहिले तीन महिने भाषण करू नये, मागणीपत्रही लिहू नये. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसावे, आशा सेविकेबरोबर वस्त्यांवर हिंडावे, कोणते औषध किती दिवस नव्हते याची वही ठेवावी. मग ती वही गावाच्या हाती द्यावी आणि बोलायला गावालाच उभे करावे.

फलकावर आपले नाव लागणार नाही, वृत्तपत्रात छायाचित्र येणार नाही. परंतु वर्षभराने त्या केंद्रावर एक गरोदर आदिवासी बाई हक्काने औषध मागेल आणि ते तिला मिळेल. शाखेच्या वार्षिक अहवालात शिबिरांची संख्या लिहिण्याऐवजी हे लिहिता आले, तर कोटणिसांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार राहील.