जाळून राखलेले रान

वाचकहो, ‘भूमी-व्यवस्थापन अधिकारी’ हे भारदस्त पदनाम कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे चावडी उभी राहते, सात-बाराची बाडे आणि लाल फडक्यात बांधलेले नकाशे दिसू लागतात. ऑस्ट्रेलियातील एखाद्या दूरच्या अभयारण्यात हेच पद सांभाळणाऱ्या गृहस्थाचे हात बहुधा यंत्राच्या तेलाने माखलेले असतात. त्याच्या स्वाधीन अफाट जमीन असते. पण तीत काही पेरायचे नसते, कोणाकडून सारा वसूल करायचा नसतो, आणि ज्या प्रजेसाठी हा सारा खटाटोप, ती प्रजा सूर्य मावळल्यावरच बाहेर पडते.

त्या खंडाच्या ऐन मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव आहे. तेथून वायव्येस साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवली म्हणजे न्यूहेवन अभयारण्य लागते. क्षेत्रफळ सुमारे 2,600 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडे अधिकच. पूर्वी हे गुरांचे कुरण होते. 2000 साली पक्षिप्रेमींच्या एका संस्थेने ते घेतले, आणि 2006 पासून ‘ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सी’ ही खासगी संस्था त्याचा कारभार पाहते. मूळ रहिवाशांचा ह्या भूमीवरील हक्क न्यायालयाने 2010 साली मान्य केला.

अशा ठिकाणी अधिकाऱ्याचा दिवस कसा जातो? पावसाने उखडलेला रस्ता सपाट करावा, विंधणविहिरीचा पंप दुरुस्त करावा, जनरेटरची तपासणी करावी, जुन्या कुरणाच्या गंजलेल्या तारा गुंडाळाव्यात. चाक वाळूत रुतले तर हाक मारायला शेजारी नाही. धावपट्टी नीट ठेवणे हेही असल्या ठिकाणी ओघानेच येते. कारण रात्री-अपरात्री कोणी अत्यवस्थ झाले तर डॉक्टर विमानानेच येणार. ही उडत्या डॉक्टरांची सेवा जॉन फ्लिन नावाच्या एका प्रेस्बिटेरियन पाळकाने 1928 साली सुरू केली. ओसाड प्रदेशात औषधावाचून माणसे मरताना त्याने पाहिली होती, आणि केवळ प्रवचनाने ताप उतरत नाही हे त्याला पुरते उमगले होते. असो.

ह्या अधिकाऱ्याच्या दोन डोकेदुख्यांचा आपल्याशी जुना संबंध आहे. पहिली उंटाची. एकोणिसाव्या शतकात वाळवंटी वाहतुकीसाठी तेथे उंट नेण्यात आले, ते मुख्यतः कराचीच्या बंदरातून. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्यांचे हाकणारे सिंध, पंजाब, बलुचिस्तान, अफगाणिस्तान अशा नाना ठिकाणचे. तेथील लोकांनी सर्वांना सरसकट ‘अफगाण’ करून टाकले. मोटारी आल्या, उंट मोकळे सुटले, रानटी झाले, आणि आता कळपांनी येऊन पाणवठे फस्त करतात व कुंपणे मोडतात. दुसरी डोकेदुखी गवताची. आपल्या कोरडवाहू मुलखात गुरांसाठी आवडीने राखतात ते अंजन गवत तेथे ‘बफेल’ ह्या नावाने ओळखले जाते. उंटांच्या खोगिरांत भरलेल्या पेंढ्यातून त्याचे बी प्रथम पोचले असे सांगतात. पुढे चाऱ्यासाठी व धूळ बसावी म्हणून ते मुद्दाम पेरलेही गेले. आता ते देशी झाडोरा गिळत चालले आहे आणि पेटले म्हणजे असे भडकते की मोठी झाडेही वाचत नाहीत. 2024 साली नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने त्याला उपद्रवी तण ठरवले. आपल्या दावणीचे पक्वान्न ते तेथे विष. जागा बदलली की गुणाचा अवगुण होतो.

तथापि खरे काम आहे ते अग्नीचे. मे ते ऑगस्ट हे तिकडचे थंडीचे महिने. त्या दिवसांत हा अधिकारी आणि त्याचे साथीदार स्वतःच्या हाताने रानाला आग लावतात. कोठे पायी चालत ठिबकत्या मशालीने, कोठे हेलिकॉप्टरमधून पेटत्या गोळ्या टाकून. जंगल राखण्यासाठी ठेवलेला माणूसच जंगल पेटवतो हे ऐकून आपण चपापतो. पण त्या रानात स्पिनिफेक्स नावाचे काटेरी, राळयुक्त गवत गाठीगाठींनी वाढते. पाऊस भरपूर झाला की ते माजते आणि वाळल्यावर दारूगोळाच होऊन बसते. 2010-11 च्या विपुल पावसानंतर मध्य ऑस्ट्रेलियात प्रचंड वणवे लागले. तेथे सुकाळानंतरचे वर्ष अधिक भीतीचे. थंडीत लहान लहान तुकडे जाळून ठेवले म्हणजे उन्हाळ्यातील वीज पडून लागलेली आग त्या जळक्या पट्ट्यांपाशी येऊन विझते. आपल्या वनखात्याची माणसे जाळरेषा काढतात त्यातलाच हा प्रकार, मात्र फार मोठ्या प्रमाणावर. (हे वाचून कोणी आपल्या डोंगराला काडी लावू नये. सह्याद्रीचे रान वेगळे, त्याचे शास्त्र वेगळे.)

ही विद्या अधिकाऱ्याने कोठल्या महाविद्यालयात शोधून काढली नाही. त्या भूमीचे वार्लपिरी लोक ती पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. शिकारीला निघताना, वाटेने जाताना ते थोडे थोडे रान पेटवीत. त्यामुळे कोठे ताजे अंकुर, कोठे दोन वर्षांचे गवत, कोठे जुनी दाट जाळी अशी गोधडीसारखी भूमी तयार होई. त्या गोधडीवर ‘माला’ नावाचा सशाएवढा कांगारूकुळातील जीव जगे. त्याला खायला कोवळे गवत हवे आणि लपायला जुने. दोन्ही जवळजवळ हवीत. 1978 साली बोल्टन व लॅट्झ ह्या संशोधकांनी टानामी वाळवंटातील मालांविषयी हेच दाखवून दिले.

मग ती माणसे गेली कोठे? ह्या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे. फ्लिनचे विमान प्रथम उडाले त्याच 1928 साली, ह्याच मध्य प्रदेशात, कॉनिस्टन भागात एका गोऱ्या माणसाच्या खुनानंतर पोलिसांच्या टोळ्या आठवडेच्या आठवडे फिरल्या आणि त्यांनी पाणवठ्यांवरील आदिवासींना गोळ्या घातल्या. सरकारी आकडा 31; आदिवासींच्या स्मरणातील आकडा कितीतरी मोठा. चौकशी मंडळाने हे कृत्य समर्थनीय ठरवले. पोलीसप्रमुखांनी क्षमा मागितली ती 2018 साली, नव्वद वर्षांनी. भयाने लोक पांगले. पुढे 1946 मध्ये युएन्डुमू येथे वसाहत करून शिधा वाटण्यात येऊ लागला. रानात लहान विस्तव लावणारे हात नाहीसे झाले. मग मोठे वणवे आले, शिवाय मांजरे व कोल्हे होतेच. टानामीतील मालांचा एक कळप 1980 च्या दशकात एका कोल्ह्याने संपवला, आणि उरलेला 1991 साली एका वणव्यात गेला. मुख्य भूमीवर मोकळ्या रानातला माला त्या दिवशी संपला. बंदिस्त आवारात काही पाळून ठेवले होते म्हणून वंश उरला.

आज न्यूहेवनमध्ये ते पुन्हा नांदत आहेत. 2018 साली तेथे 44 किलोमीटर लांबीचे, मांजराला ओलांडता न येणारे विजेच्या तारांचे कुंपण पुरे झाले. आत 9,450 हेक्टर भूमी आहे. ते कुंपण अखंड ठेवणे हेही आपल्या अधिकाऱ्याचेच काम. फांदी पडली, उंटाने धडक दिली, पुराने खालची वाळू वाहून नेली, की धावावे लागते. आतली मांजरे हुडकून काढण्यात वार्लपिरी माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी, वाळूतील ठशांवरून माग काढून मोठे साहाय्य केले. जेथे सापळे हात टेकतात तेथे त्यांची नजर कामी येते. माझे मत विचाराल तर कुंपण हे औषध आहे, अन्न नव्हे. त्याच्या आत एका जिवाला आसरा मिळतो. बाहेरची अडीच हजार चौरस किलोमीटर भूमी मात्र थंडीतील त्या लहान आगींवरच तगून आहे.

आपल्यातील एखादा तरुण अशा नोकरीच्या मोहात पडला तर त्याने पत्नीशी आधी बोलावे. बाजार दूर, उन्हाळा भाजून काढणारा, आणि मुलांची शाळा म्हणाल तर ॲलिस स्प्रिंग्जमध्ये 1951 साली निघालेली आकाशवाणीची शाळा, जी पूर्वी रेडिओवरून भरे आणि आता संगणकावर भरते. एकांत सोसणारा माणूस वेगळा आणि एकांताची हौस असणारा वेगळा. दुसरा पहिल्याच उन्हाळ्यात परत येतो.

तिकडे थंडी पडली की मशाली पुन्हा भरल्या जातात. अधिकाऱ्यापाशी उपग्रहाचे नकाशे असतात, कोणत्या वर्षी काय जळले ते त्यांत रंगांनी दाखवलेले असते. त्याच्याबरोबर वार्लपिरी रखवालदार असतात. ते वारा पाहतात, गवत हातात घेऊन मोडून पाहतात, आणि मग काडी ओढली जाते.