रिपोर्ट नॉर्मल, तरी धोका कायम

२९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिन. झटका येऊन गेलेल्या घरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं, मग अटॅक आलाच कसा?'

उत्तर धमनीच्या भिंतीत धुमसणाऱ्या दाहात आहे. नळात गाळ साचावा तशी चरबी साचते, ही समजूत अपुरी आहे. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांनी धमनीचे अस्तर दुखावले की वाईट कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते. त्याचा निचरा करायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबी गिळून तिथेच फुगतात आणि दाह वाढवतात. एक दिवस या थराचे आवरण फाटते, गुठळी होते, रक्तप्रवाह थांबतो.

जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाहाकडे बोट दाखवले होते. ठोस पुरावा २०१७ मध्ये मिळाला. आधी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या 'कँटोस' चाचणीत, कोलेस्टेरॉल कमी न करता फक्त दाह शमवणाऱ्या औषधाने झटका, पक्षाघात व हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्के घटले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले.

सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन हे दाह शमवणारे आणखी एक द्रव्य असते. त्याच्या अल्प मात्रेला अमेरिकेने २०२३ मध्ये हृदयरुग्णांसाठी मान्यता दिली; २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र झटक्यानंतर लगेच देऊन लाभ दिसला नाही. कळलावीचा कंद जहाल विषारी आहे, तो घरी उगाळून घेण्याचा विचारही करू नये.

म्हणून दाहाची कारणे तोडणे हाच भरवशाचा मार्ग. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तिची अंमलबजावणी हे हृदयरक्षणाचेच काम आहे. १९९८ पासून नाशिकमध्ये असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांच्या शिबिरांत कोलेस्टेरॉलबरोबर पोटाचा घेर, साखर, हिरड्यांची सूज आणि तंबाखू-मिश्रीची सवय यांची नोंद करवून घ्यावी. शिबिर संपल्यावर त्या माणसाचा पाठपुरावाही व्हावा.

वाचकांना दोनच विनंत्या. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी मनाने बंद करू नका; ती कोलेस्टेरॉलबरोबर दाहही कमी करते. आणि खिशातली तंबाखूची पुडी आजच फेकून द्या.