रुळांपेक्षा कागद जड

१८६९ हे साल वाहतुकीच्या इतिहासात मोठे विलक्षण ठरले. त्या वर्षी १० मे रोजी अमेरिकेतील प्रॉमंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले आणि त्या देशाचा पहिला खंडपार लोहमार्ग पुरा झाला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला सुएझचा कालवा खुला झाला. आगगाडीने खंड ओलांडायला आणि जहाजाने आफ्रिकेचा वळसा चुकवायला एकाच वर्षी सुरुवात केली. आगगाडी वेगवान आणि जहाज संथ, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मग दीडशे वर्षांनंतरही जगाचा बहुतेक परदेशी व्यापार जहाजानेच का चालतो?

२०११ साली चीनमधल्या चोंगचिंगहून जर्मनीतल्या डुइसबुर्गकडे मालगाड्या धावू लागल्या, तेव्हा समुद्राचे दिवस भरले असे अनेकांना वाटले. अंतर सुमारे ११ हजार किलोमीटर, वेळ सोळा दिवसांच्या आसपास. जहाजाला याच कामाला पाच-सहा आठवडे लागत. पण आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. आजचे मोठे जहाज वीस फुटी २४ हजार कंटेनरांएवढा माल घेते. या मार्गावरची गाडी चाळीस फुटी चाळीस-पन्नास. म्हणजे एका जहाजाचा माल न्यायला अडीचशे ते तीनशे गाड्या हव्यात. भाड्याच्या बाबतीत गाडीने जहाजाशी बरोबरी करणे एरवी शक्यच नाही. चीनमधल्या स्थानिक सरकारांनी या गाड्यांना वर्षानुवर्षे अनुदान दिले, ते काही उगाच नव्हे.

तरीही गाडीला गिऱ्हाईक मिळते, कारण वाटेत अडकलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हा हिशेब बोटांवर करता येतो. समजा, एका कंटेनरात चार कोटींचे लॅपटॉप आहेत आणि व्याजाचा दर दहा टक्के आहे. रोजचे व्याज झाले अकरा हजारांच्या घरात. वीस दिवस वाचले, तर दोन लाखांवर रुपये वाचले. शिवाय लॅपटॉपचे मॉडेल जुने होण्याआधी दुकानात पोचले. आता त्याच कंटेनरात वीस लाखांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरा. वीस दिवसांचे व्याज अकरा हजार. एवढ्यासाठी गाडीचे जादा भाडे कोण भरील? तेव्हा विमानाला परवडत नाही आणि जहाजाला थांबवत नाही, असा मधला मालच गाडीच्या वाट्याला येतो. तो वाढवायचा तर वेळ आणखी कमी करायला हवा.

इथे सगळ्यांना वेगवान इंजिने आणि नवे रूळ आठवतात. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा सैबेरियाचा लोहमार्ग ९,२८८ किलोमीटरांचा. त्यावरून कंटेनर सात दिवसांत न्यायचा कार्यक्रम रशियन रेल्वेने हाती घेतला. सात दिवसांनी भागून पाहा. ताशी सरासरी ५५ किलोमीटर येते. आपल्या हमरस्त्यावरचा ट्रकही एवढ्या वेगाने पळतो! यासाठी अद्भुत इंजिन नको; गाडी उभी राहू नये, एवढेच हवे. खरी गोम तिथेच आहे.

गाडी उभी का राहते? पहिले कारण रुळांचे. चीन आणि युरोपातल्या रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर, तर मधल्या कझाखस्तान, रशिया, बेलारूसमध्ये १,५२०. त्यामुळे चीनच्या सीमेवर खोर्गोस किंवा दोस्तिकला आणि पोलंडच्या सीमेवर ब्रेस्त-मालाशेविचेला प्रत्येक कंटेनर क्रेनने उचलून दुसऱ्या वाघिणीवर ठेवावा लागतो. पण क्रेनचे काम काही तासांचे असते. पलीकडे वाघिणी रिकाम्या नसणे, पुढचा मार्ग मोकळा नसणे, कस्टम्सचा शेरा न मिळणे यांत दिवस जातात.

दुसरे कारण कागदाचे, आणि माझ्या मते तेच अधिक जड. युरोपातली रेल्वे वाहतूक एका आंतरराष्ट्रीय कराराने चालते आणि जुन्या समाजवादी गटातली दुसऱ्या. दोन्हींना चालणारे सामायिक मालपत्र २००६ साली आले. तोवर सीमेवर नवा कागद लिहावा लागे. शिवाय या मालपत्राने मालाची मालकी हातोहात फिरत नाही. जहाजाचे बिल ऑफ लेडिंग ज्याच्या हाती, माल त्याचा. म्हणून बँक ते तारण घेऊन पैसे देते. माल समुद्रात असतानाच तो विकताही येतो. रेल्वेचे मालपत्र ही वाहतुकीच्या कराराची नोंद. ज्याचे नाव त्यावर आहे त्याला माल मिळतो. बँकेने ते तिजोरीत ठेवले काय नि खिडकीला चिकटवले काय, सारखेच.

आपल्याकडे ही अडचण फार पूर्वी सुटली आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याने रेल्वेची पावती हा मालावरील हक्काचा दस्त मानला. कापसाच्या गाठी रेल्वेत चढवून व्यापारी ‘आर. आर.’ घेऊन बँकेत येई, हुंडीसोबत ती देई आणि पैसे उचली. ठाण्याहून ओखल्याला पाठवलेल्या पेट्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ठरवले, की पावती बँकेकडे तारण ठेवणे म्हणजे मालच तारण ठेवणे. आपल्या मालगाड्या मंद होत्या, पण त्यांच्या कागदाला पत होती. रेल्वेच्या मालपत्राचा हा प्रश्न चीनने संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारकायदा आयोगापुढे २०१९ साली मांडला आणि असा कागद सर्व वाहतुकीला लागू करणारा मसुदा आयोगाने २०२५ मध्ये पक्का केला. नव्या पुलाचा फोटो छापून येतो, मसुद्याचा येत नाही.

कागदाने काय होणार, असे कोणी म्हणेल. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडने बेलारूसची सीमा जवळपास दोन आठवडे बंद केली आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर अनेक युरोपीय व्यापाऱ्यांनी रशियाची वाट सोडली. हे खरेच आहे. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजांनी आफ्रिकेचा वळसा घेतला. दहा-बारा दिवस जास्त लागले, पण माल पोचला. गाडी दुसऱ्याच्या अंगणातून जाते. तिला वळसा नसतो. पण म्हणूनच कागद पक्का हवा. माल अडकला तर तो कोणाचा, नुकसान कोणी सोसायचे, हे आधी ठरलेले असले, तर व्यापारी पुन्हा येतो. धोक्याला व्याज लावता येते, अनिश्चिततेला नाही.

यात आपलाही संबंध आहे. न्हावा-शेवाहून जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला आणि पुढे जमिनीवरून रशियाला जाणाऱ्या मार्गाचा करार भारत, इराण आणि रशियाने २००० साली केला. इराणमधला रश्त ते आस्तारा हा १६२ किलोमीटरांचा रेल्वेचा तुकडा बांधण्याचा करार इराण आणि रशियात व्हायला २०२३ उजाडले. आपण त्या तुकड्याकडे डोळे लावून बसलो. तो आपल्या हातात नव्हता. न्हावा-शेवाला जहाजावर चढलेला माल मॉस्कोपर्यंत एकाच हस्तांतरणीय कागदावर जाईल, हा आग्रह मात्र आपल्याला पहिल्या दिवसापासून धरता आला असता, आणि आजही धरता येईल. त्याला सिमेंट लागत नाही, पोलाद लागत नाही. शेजाऱ्याच्या सहीवर विश्वास ठेवता येईल अशी व्यवस्था लागते. ती उभारायला रूळ टाकण्यापेक्षा अधिक चिकाटी लागेल. पण तिच्यावाचून कितीही वेगवान इंजिन आणले, तरी ते सीमेवर जाऊन उभेच राहील.