बोट कुठे थांबतं

श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी थेट आकड्यांचं पान काढलं. मुंबईतल्या दंगली, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. एकूण मृत ९००. मुसलमान ५७५ हा आकडा ओलांडून माझं बोट हिंदू २७५ वर येऊन थांबलं. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप थांबलं.

दंगलींच्या वेळी आम्ही भायखळ्याला राहायचो. संचारबंदीत सासूबाई तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून अंदाज घ्यायच्या. गच्चीवर पुरुषांचे पहारे, आणि रोज रात्री तीच आवई, ट्रक भरून येतायत. कोणी आलं नाही. पण माझ्या डोक्यात हिशेब मांडून झाला होता, आणि अहवाल मी वाचायला नव्हे, तो हिशेब ताडून बघायला घेतला होता.

प्रत ग्रंथालयातली. आधीच्या कुणीतरी जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीतल्या जळिताखाली पेन्सिलीच्या दोन-दोन रेघा ओढलेल्या. सुलेमान बेकरीतल्या पोलीस गोळीबाराकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. दुसऱ्या कुणीतरी बॉलपेनने नेमकं उलट केलेलं. दोघांनी मिळून अहवाल पूर्ण वाचला म्हणायचं!

असली पुस्तकं वाचून जखमा कशाला उकरायच्या, असं आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात. मला वाटतं, उकरल्या जातात त्या अर्धं वाचल्याने. रंगवून लिहिलेलं नंतर वाचा, आधी हा रुक्ष अहवाल वाचा. १९९६ च्या जानेवारीत सरकारने हा आयोगच गुंडाळला होता, मे महिन्यात पुन्हा सुरू केला, तेव्हा कुठे १९९८ मध्ये अहवाल हाती आला. त्याच्या दुसऱ्या खंडातली मांडणी पोलीस ठाण्यांप्रमाणे आहे. डोंगरी, धारावी, माहीम, पायधुनी. आधी आपलं ठाणं काढा, मग शेजारचं. माझं वाचून झालं, शेजारचं काढायला मात्र मला आठवडा लागला.

मृतांच्या आकड्यांत पुढे मृत्यूची कारणं येतात. पोलीस गोळीबार ३५६. भोसकून ३४७. जाळपोळ ९१. या हिशेबात धर्माचा रकाना नाही, त्यामुळे बोटाला थांबायला जागाच सापडत नाही. मी ते पान तीनदा वाचलं.

पहिल्या यादीत आणखी एक आकडा आहे. ४५ मृतांचा धर्म कळलाच नाही. त्याच्याखाली ना पेन्सिलीची रेघ होती, ना बॉलपेनची.